सुलोचनाबाईंचं बाळंतपण

रात्रीचा दीड वाजलेला. सकाळी दहाला फीचर मेल करायचं होतं आणि माझं अजून इंट्रोच जमत नव्हतं. कॉफी संपलेली, पंखा कुरकुरतोय आणि हॉलमधून आवाज येतोय, कर्रर्र, कर्रर्र. कुणीतरी जुन्या गजराच्या घड्याळाला किल्ली देतंय असा. मी किचनचा नळ तपासला, फ्रिजला कान लावला, चार्जर उपटला. आवाज चालूच! शेवटी टाकीपाशी गेले तेव्हा कळलं, बंड्या गातोय. पाण्याखाली. तोंड मिटून.

बंड्या हा माझ्या घरातला बेडूक. थांबा, पान उलटू नका! मीसुद्धा बेडूक दिसला की खुर्चीवर चढणाऱ्यांपैकीच होते.

झालं असं की, माझ्या आयटीवाल्या रूममेटला तिच्या कंपनीनं टोरांटोला पाठवलं. जाताना तिनं मला तीन गोष्टी दिल्या. इंडक्शनची शेगडी, योगा मॅट आणि आतल्या दोन जिवांसकट एक तीन फुटी काचेची टाकी. 'तीन महिने सांभाळ गं फक्त!' याला आता दोन वर्षं होऊन गेली. हे प्राणी पंधरा-वीस वर्षं सहज जगतात, हे मात्र तिनं सांगितलं नव्हतं.

दोघं आफ्रिकन क्लॉड फ्रॉग. शास्त्रीय नाव झेनोपस लेविस. जुन्या इंग्रजी पुस्तकांत यांना क्लॉड टोड म्हणायचे. टोड म्हणजे आपल्याकडचा भेक, पण आमच्या सोसायटीच्या दृष्टीनं सगळे बेडूकच. मूळ गाव आफ्रिकेचं दक्षिण टोक. आयुष्य पूर्ण पाण्यात. उड्या मारत हॉलभर फिरणं वगैरे नाही (झाकण घट्ट असेल तर!). मादी ती सुलोचना, माझ्या तळहाताएवढी, पांढरट गुलाबी, अल्बिनो. डोळे डोक्याच्या टपावर, सतत आभाळाकडे, म्हणून सुलोचना. नर तो बंड्या, तिच्या निम्म्याएवढा, शेवाळी तपकिरी. मागच्या पायांच्या तीन-तीन बोटांना काळी नखं. जीभ नाही. हो, बेडूक आणि जीभ नाही! त्यामुळे गांडूळ टाकलं की सुलोचना ते दोन्ही हातांनी तोंडात कोंबते. लग्नाच्या पंगतीत जिलबी संपत आली की काही काका जसं जेवतात, अगदी तसं.

चार नियम आणि एक बायोडेटा

पाळायला अवघड आहेत का? नाहीत. लाडावणारे आहेत का? तेही नाहीत. चार गोष्टी सांभाळायच्या. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून, क्लोरिन उडाल्यावरच टाकायचं. तळाला बारीक खडी नको, तीही गिळतात. फिल्टर साधा स्पंजचा, कारण यांच्या अंगावर दोन्ही बाजूंनी टाके घातल्यासारखी एक ओळ असते, तिनं त्यांना पाण्यातली हालचाल कळते. जोराचा प्रवाह म्हणजे त्यांच्यासाठी कानाशी डीजे. आणि पाणी वीस-बावीस अंशांच्या आसपास गार. मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा मी पंख्याखाली घाम पुसत लेख लिहिते आणि सुलोचनाबाईंच्या टाकीत बर्फाची बाटली तरंगत असते. शिवाय टाकीत हात घातला की साबणानं धुवायचा. अशा प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो.

पण पत्रकार आहे मी. घरात पाहुणा आला की त्याचा बायोडेटा काढणारच. आणि या बाईंचा बायोडेटा कुठल्याही विवाहमंडळाला लाजवेल असा निघाला. जॉन गर्डन यांनी टॅडपोलच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढून याच जातीच्या अंड्यात घातलं आणि त्यातून नवा जीव वाढवला. ते काम १९६२ मध्ये छापून आलं, त्याचं नोबेल २०१२ मध्ये मिळालं. १९८७ मध्ये मायकेल झासलॉफ यांनी यांच्याच कातडीतून जंतूंना मारणारी रसायनं शोधली. टाकीच्या घाण पाण्यातही यांच्या जखमा न चिघळता भरतात, याचं त्यांना आश्चर्य वाटलं होतं. आणि १९९२ मध्ये एन्डेव्हर स्पेस शटलमधून यांच्या माद्या अवकाशात जाऊन आल्या. तिथे त्यांनी अंडी दिली, त्यांतून पिल्लंही निघाली.

माझा पासपोर्टसुद्धा अजून कोरा आहे.

फ्रिजचा दरवाजा

तायडी आली ती एप्रिलच्या शेवटी. माझी मोठी बहीण. लग्नाला सात वर्षं, साताऱ्याला असते. आयव्हीएफची पहिली सायकल आदल्या वर्षी फसली होती. दुसरी पुण्यात करायचं ठरलं आणि राहायला मी होते. जिजू शनिवार-रविवार येणार. सासरी सांगितलं होतं, 'धाकटीची तब्येत बरी नसते.' म्हणजे आजारी मी!

पहिल्या दिवशी तिनं टाकी बघितली आणि म्हणाली, 'हे राहणार की मी?' दुसऱ्या दिवशी फ्रिज उघडला आणि किंचाळली. फ्रीझरमध्ये आइस्क्रीमच्या डब्याशेजारी ब्लडवर्मच्या लाल वड्या. मग आमचा तह झाला. फ्रीझर माझ्या बेडकांचा, दरवाज्याचा कप्पा तिच्या इंजेक्शनांचा.

रोज संध्याकाळी सातला ती पोटाची चिमटी धरून इंजेक्शन घ्यायची. मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

मेच्या अखेरीस एक वेगळा खोका आला. ट्रिगर शॉट. हे इंजेक्शन घड्याळ लावून घ्यायचं, त्यानंतर साधारण ३६ तासांनी डॉक्टर अंडी बाहेर काढतात. खोक्यावरचं नाव मी सहज वाचलं. ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन, एचसीजी. आणि डोक्यात ट्यूब पेटली. हे नाव मी वाचलं होतं. बेडकांच्या पुस्तकात! प्रयोगशाळेत सुलोचनाच्या जातीला अंडी द्यायला लावायची असतील तर हेच टोचतात.

मग दोन तास मी नेटवर. लान्सलॉट हॉगबेन नावाचे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ १९२०च्या दशकाच्या शेवटी केप टाऊनला शिकवत होते. पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचला की या माद्या अंडी घालतात, हे त्यांच्या लक्षात आलं. गरोदर बाईच्या लघवीत असंच काम करणारं हॉर्मोन असतं. झालं! १९३०च्या दशकापासून १९६०च्या दशकापर्यंत जगभरच्या कितीतरी दवाखान्यांत प्रेग्नन्सी टेस्ट म्हणजे काचेच्या बरणीत बसलेली एक सुलोचना. बाईची लघवी तिला टोचायची आणि वाट बघायची. सकाळी बरणीत अंडी दिसली तर बाईला दिवस गेलेत. त्याआधी याच चाचणीसाठी उंदीर आणि ससे कापून बघावे लागत. या बयेला मात्र काही आठवड्यांनी पुन्हा कामाला लावता यायचं. प्रयोगशाळेत अँटिबॉडी वापरून करायच्या चाचण्या आल्या तेव्हा कुठे ती रिटायर झाली. केमिस्टकडची पट्टी शोधते तेही हेच, एचसीजी.

मी उत्साहाच्या भरात हे सगळं तायडीला घडाघडा सांगितलं. सांगून झाल्यावर कळलं, काय बोलून बसले ते. सात वर्षांत तिनं किती पट्ट्या बघितल्या असतील?

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली, टाकीपाशी स्टूल ओढून बसली. सुलोचना नेहमीसारखी आभाळाकडे बघत होती.

'म्हणजे ही डॉक्टरीण होती म्हण की,' तायडी म्हणाली. 'बायकांनी हिच्याकडे बघून रडायचं. हसून, नाहीतर खरंच.'

त्या दिवसापासून गांडुळं तीच टाकायला लागली. चिमट्यानं, पण टाकायला लागली.

पहिला पाऊस

आता बंड्याच्या गाण्याकडे येते. ते गाणं मी ज्या रात्री ऐकलं, ती याच जूनमधली. त्याच्या हातांना आतल्या बाजूनं काजळ फासल्यासारखे काळे पट्टे आले होते. नर तयार असल्याची ती खूण. यांच्या देशात पाऊस पडला, डबकी गार पाण्यानं भरली की यांचा मोसम सुरू होतो. त्यामुळे घरी पाळणारे लोक पाऊस नकली पाडतात. टाकीतलं पाणी थोडं थोडं कमी करत जायचं आणि मग एका रात्री गार, ताजं पाणी भरायचं. आपल्याकडे पावसासाठी बेडूक बांधून धोंडी मागतात. इथे बेडकासाठी पाऊस मागायचा, एवढाच फरक.

मी ठरवलं होतं की हे करायचं नाही. घरात नेमकं काय चाललंय आणि मी काय घडवून आणू? पण तायडीनंच विषय काढला. एम्ब्रियो ट्रान्सफर होऊन दोन दिवस झाले होते. पुढे बारा-तेरा दिवस वाट बघणं, दुसरं काहीही नाही. झोप येत नव्हती. बाहेर वळवाचा दणदणीत पाऊस पडत होता.

'टाक पाणी,' ती पलंगावरून म्हणाली. 'निदान या घरात कुणालातरी पाऊस कळू दे.'

बादल्या मी उचलल्या, सूचना तिनं दिल्या. दिवे मालवले. तासाभरानं बंड्यानं सुलोचनाच्या कमरेला मागून मिठी घातली. ही मिठी कमरेलाच असते, बगलेत नाही. तीही तासन् तास. आणि त्याआधी ऐकण्यासारखी एक गंमत असते. गातो फक्त नर असं नाही, मादीही उत्तर देते. तिची हळू टिक-टिक म्हणजे 'नको, सोड'. तिची भरभर टकटकटक म्हणजे 'ये'. संशोधकांनी पाण्यात माइक सोडून हे दोन्ही आवाज टिपलेत आणि नराला त्यातला फरक नीट कळतो. मी हे तायडीला सांगितलं तर ती म्हणाली, 'पुरुषजातीत एवढी समज? आणि आपल्या मावश्यांना मात्र नाही!'

पहाटे पाचला तिनं मला हलवून उठवलं. टाकीतल्या प्लास्टिकच्या झुडपांवर, काचेवर, फिल्टरच्या नळीवर, सगळीकडे साबुदाण्याहून बारीक, सायीच्या रंगाचे मणी. शेकड्यानं! आणि सुलोचनाबाई दोन्ही हातांनी ते गोळा करून तोंडात कोंबत होत्या.

'अगं, खातेय ती!' तायडी ओरडली. 'एवढी झाली आणि वर खातेय, मेली!'

खातातच. यांच्यात आईवडिलांचं प्रेम ही संकल्पना नाही. अंडी घातली की मोठ्यांना लगेच वेगळं काढायचं, हा पहिला नियम. मी दोघांना जाळीनं उचलून झाकणाच्या बादलीत टाकलं. तायडी भिंग घेऊन बसली. पहिल्या दीड तासात एका पेशीच्या दोन होतात, मग साधारण दर अर्ध्या तासानं दुप्पट. तिला हे सगळं शिकवावं लागलं नाही. दुसऱ्या कुणाला क्रिकेटचा स्कोअर कळतो तसं तिला हे कळत होतं. 'चार सेल झाल्या. हे बघ, ही आठ. आपल्याला आठ व्हायला तीन दिवस लागतात,' असं म्हणून ती थांबली. स्वतःच्या लॅब रिपोर्टवरचे शब्द होते ते.

दोनपेक्षा कमी

तिसऱ्या दिवशी पिल्लं फुटली. सुताच्या तुकड्यासारखी, काचेला चिकटलेली. अंडी आईच्या वळणावर फिकट होती, पण पिल्लांच्या अंगावर बापाचा काळपटपणा उतरायला लागला. आठवड्याभरात ती पोहायला लागली. यांचे टॅडपोल बघण्यासारखे असतात. आरपार काच, तोंडापाशी मांजरमाशासारख्या दोन मिशा, आणि सगळे डोकं खाली करून पाण्यात तिरके लटकलेले, शेपटीचं फक्त टोक थरथरतंय. आतलं हृदय दिसतं, धडधडताना. पाणी गाळूनच ते जेवतात, म्हणून स्पिरुलिनाची पूड पाण्यात कालवून, जुन्या ओढणीतून गाळून थेंबाथेंबानं द्यायची. पाणी किंचित हिरवट झालं की थांबायचं. पिल्लांनी ते स्वच्छ केलं की पुढचं. तायडीनं मोजले, १२० आणि वर काही. वहीत लिहायची. वेळ, पाणी, किती मेले.

मग तो दिवस आला. सकाळी रक्त दिलं, रिपोर्ट दुपारी मोबाइलवर. बीटा एचसीजी, दोनपेक्षा कमी.

त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तिनं चहाचा कप विसळून ठेवला. जिजूंना फोन केला, तीन मिनिटं. मग चप्पल घालून बाहेर गेली आणि अंधार पडल्यावर भिजून परत आली. मी दिवसभर काय करावं हे न कळून किचन आवरत होते. मधेच पिल्लांना खायला घातलं. नंतर आठवेना घातलं की नाही, म्हणून पुन्हा घातलं. बहुतेक तिसऱ्यांदाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टब गढूळ, वास मारत होता. तळाशी राखेसारखा थर. निम्म्याहून जास्त मेले होते. मी तिथेच खाली बसून रडायला लागले. बेडकांसाठी नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

तायडी आली. टबात बघितलं. बाह्या सारल्या.

'रडू नकोस. पाणी आण. आधी जिवंत आहेत ते काढू.'

आम्ही दोघी वरणाच्या डावानं एकेक पिल्लू उचलत दुपारपर्यंत बसलो. उरले ४३. तिनं वहीत लिहिलं, ४३. चौथ्या दिवशी ती साताऱ्याला गेली. वही माझ्यासाठी ठेवून.

'सोडून द्या ना तळ्यात'

दोन महिन्यांत शेपट्या जिरल्या आणि अंगठ्याच्या नखाएवढे ३१ बेडूक झाले. आता यांचं करायचं काय? हा प्रश्न पाऊस पाडण्याआधी विचारायचा असतो, हे मला तेव्हा सुचलं. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानदाराला पांढरे हवे होते. माझे सगळे बंड्यावर गेलेले, तपकिरी. अल्बिनो रंग उतरायला आईबाप दोघांकडून तो गुण यावा लागतो. 'मग सोडून द्या ना मॅडम एखाद्या तळ्यात,' तो सहज म्हणाला.

नाही. हे अजिबात करायचं नाही, आणि या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स, इटलीतलं सिसिली, सगळीकडे हे असेच, पाळलेल्या किंवा प्रयोगशाळेतल्या टाक्यांमधून बाहेर पडले आणि तिथले झाले. दिसेल ते खातात, इतरांची अंडी-पिल्लंही. शिवाय यांच्या कातडीवर कायट्रिड नावाची बुरशी असू शकते. यांना तिचा फारसा त्रास होत नाही, दुसऱ्या बेडकांच्या मात्र जातीच्या जाती तिनं संपवल्यात. कॅलिफोर्नियात तर हे पाळायलाच बंदी आहे. आपल्या पाषाणच्या तळ्यात किंवा मुठेत आधीच काय कमी भोग आहेत?

मी दोन महिने फोन फिरवले. मासे पाळणारे ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे. प्रत्येकाला टाकी केवढी, झाकण आहे का, पंधरा वर्षं सांभाळणार का, असे प्रश्न. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातसुद्धा एवढी चौकशी होत नसेल. २५ गेले, सहा माझ्याकडे आहेत. त्यानंतर सुलोचनानं दोनदा अंडी घातली. दोन्ही वेळा मी मोठ्यांना बाहेर काढलं नाही. त्यांची अंडी त्यांना खाऊ दिली.

तायडीला फोनवर हे सांगितलं तेव्हा मला भीती वाटत होती. ती म्हणाली, 'बरं केलंस. नुसतं जन्माला घालून होतंय काय?'

पुढचं काय, हे तिचं आणि जिजूंचं. हा लेख लिहू का विचारलं तेव्हा तिनं एकच अट घातली, 'शेवट उगाच गोड करू नकोस.' म्हणून करत नाही. फक्त गेल्या महिन्यातलं एक सांगते. मामेभावाच्या मुलीचं बारसं होतं. पंगत बसलेली. तायडी माझ्यासमोर. मावशी वाढायला आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, 'काय गं, आता तुमचा नंबर कधी?'

एरवी तायडी अशा वेळी मान खाली घालायची. या वेळी तिनं माझ्याकडे बघितलं आणि नखानं स्टीलच्या ताटावर वाजवलं. सावकाश.

टिक. टिक. टिक.

मावशीला काही कळलं नाही. मला मठ्ठ्याचा ठसका लागला.